डेकच्या कडेची डोण

मी डोण. काळ्या दगडाची, गुरांना पाणी पाजायची. बोलायची मला सवय नाही. आजवर मी फक्त पाणी धरलं. आता तेही नीट धरता येत नाही, म्हणून चार शब्द बोलते.

सध्या माझा मुक्काम शहरातल्या गारखेड्यात आहे, एका घराच्या मागच्या अंगणात. या अंगणात लाकडी फळ्यांचा बुटका ओटा केलाय. घरातले त्याला डेक म्हणतात. डेकच्या कडेकडेनं पांढरे गोटे पसरले होते. त्यात लिली आणि हिरव्या-पिवळ्या पट्ट्यांची झाडं लावली होती. पायरीच्या शेजारी, आलेल्याची पहिली नजर पडेल अशा जागी मी बसले आहे. पाहुणे माझ्याजवळ उभे राहून फोटो काढतात. "किती जुनी वस्तू आहे ना!" म्हणतात. जुनी आहे खरी. पण मी वस्तू आहे हे मला इथं आल्यावरच कळलं.

माझा जन्म सिल्लोडकडच्या एका खदानीतला. मला घडवणारा पाथरवट फार बोलायचा नाही. तासभर छिन्नी चालवायचा आणि मग माझ्या पोटात ओंजळभर पाणी टाकून बघत बसायचा. पाणी कुठं जाऊन थांबतं ते बघायचा आणि तिथून पुढं कोरायचा. माझं पोट असं पाण्याला विचारून घडलेलं आहे. काम संपलं तेव्हा त्यानं मला काठोकाठ भरलं आणि सावलीत जाऊन झोपला. उठल्यावर बघितलं तर एक थेंबही कमी झाला नव्हता. मग तो म्हणाला, "जा आता."

बैलगाडीतून मला एका शेतात नेलं आणि विहिरीच्या काठावर बसवलं. शेतमालकाच्या पोराचा, पुंडलिकचा जन्म माझ्यानंतरचा. रांगत यायचा आणि माझ्या काठाला धरून उभा राहायचा. त्याचे ओले तळवे माझ्या अंगावर उमटायचे आणि उन्हानं लगेच वाळून जायचे.

तो सहा-सात वर्षांचा असेल तेव्हाची गोष्ट. मला भरायचं काम त्याच्याकडं होतं. एकदा भूक लागली म्हणून तो मला कोरडीच ठेवून बांधावर भाकरी खायला बसला. गाईचं वासरू आलं आणि माझा तळ चाटायला लागलं. पुंडलिकची आई खुरपणीतून उठून आली. ओरडली नाही, मारलं नाही. त्याच्या हातातली भाकरी काढून घेतली आणि म्हणाली, "बाळा, तुझ्या हातात भाकर हाय. त्याच्या जिभेला पाणी न्हाय. ही डोण भरल्याबिगर तोंडात घास घालायचा न्हाय. घालशील का पुन्हा?"

"न्हाय," पुंडलिक म्हणाला.

त्यानं तो शब्द माझ्या काठावर हात ठेवून दिला. त्या दिवसापासून तो नेम झाला. रोज सकाळी आधी मी भरायची, पाणी काठाला टेकायचं, मग त्याचा पहिला घास.

पुंडलिकचे पुंडलिकराव झाले, लग्न झालं, आशाबाई घरात आल्या. आशाबाई भाकरी थापायला बसायच्या त्या विहिरीवर बादलीचा आवाज आल्यावरच. सोमनाथ झाला, शाळेला गेला, मग शिकायला शहरात गेला. बैल गेले, ट्रॅक्टर आला. तरी माझं पाणी चुकलं नाही. शेजारच्या शेळ्या यायच्या, पाखरं यायची, उन्हाळ्यात एखादा कोल्हासुद्धा यायचा. पुंडलिकराव गावाला गेले की मला भरायचं काम शेजारच्या धोंडिबाकडं असायचं. मग लग्नाच्या पंगतीत सगळे जेवायला बसले तरी हे मांडवाच्या कडेला कानाला फोन लावून उभे.

"धोंडिबा, डोण भरली का रे?"

"भरली, भरली. जेवा आता!"

पाहुण्यांना हसायला तेवढं पुरे व्हायचं. "अहो पुंडलिकराव, बुंदी वाट बघायलीय, तुमची डोण काय म्हणते?" तेही हसायचे आणि पाटावर बसायचे. नेम आहे असं त्यांनी कुणाला सांगितलं नाही. नेम बोलून दाखवला की तो मिरवणं होतं, असं त्यांच्या आईचं म्हणणं होतं. आशाबाईंना माहीत होतं, पण त्यांनाही कुणी सांगितलं नव्हतं. त्यांचं त्यांना कळलं होतं. सोमनाथला चेष्टा माहीत होती, नेम माहीत नव्हता.

आशाबाई गेल्या आणि घर एकदम मोठं झालं. पुंडलिकरावांचे गुडघे धरले होते. सोमनाथ दर रविवारी यायचा आणि म्हणायचा, "आबा, चला आता आमच्याकडं." ते म्हणायचे, "बघू." एकदा म्हणाले, "इथं सगळं हाय रे माझं." आणि माझ्याकडं बघितलं. सोमनाथनं ते बघणं लक्षात ठेवलं. मुलगा चांगला आहे. वाळूजला कंपनीत कामाला आहे, बापावर जीव आहे. पुढं जे झालं ते जीव होता म्हणूनच झालं.

आबा बहिणीकडं गेले होते त्या आठवड्यात तो टेम्पो घेऊन आला. पहारी लावून, दोर बांधून चार माणसांनी मला उचललं. इतकी वर्षं मी जिथं बसले होते तिथली जमीन ओली आणि पांढरी दिसत होती. धोंडिबानं विचारलं, "आबांना विचारलं का?"

"त्यांना सरप्राइज द्यायचंय, काका. फोन आला तर भरली म्हणून सांगा फक्त."

धोंडिबानं डोकं खाजवलं. त्याला माझ्यात पाणी टाकणं माहीत होतं, त्यामागचं काही माहीत नव्हतं.

गारखेड्यात प्रणय नावाचा एक हसरा पोरगा माझी वाट बघत होता. अंगण सजवायचं काम त्याच्याकडं होतं. डेक त्यानंच केला होता, गोटे त्यानंच पसरले होते. मला बघून तो खूश झाला. "सर, ये तो एकदम हीरो पीस आहे! यात पेटुनियाची फुलं लावू, पायरीजवळ ठेवू. फक्त खाली एक होल पाडावं लागेल. नाहीतर पाणी साचून मुळं कुजतात."

"फुटणार नाही ना?"

"टेन्शन नका घेऊ सर."

सोमनाथची बायको प्रेरणा दारात उभी होती. ती घरी मुलांच्या शिकवण्या घेते. ती म्हणाली, "आबांना विचारून पाडलं तर?"

"विचारलं तर सरप्राइज कसलं?" सोमनाथ म्हणाला.

मशीन सुरू झालं. छिन्नीचे घाव मी खाल्ले होते, पण छिन्नी थांबून थांबून बोलते. हे थांबतच नव्हतं. आरपार गेलं तेव्हा माझ्या पोटात काहीतरी तटकन तुटलं. भोकापासून बाजूच्या भिंतीकडं एक बारीक चीर गेली, केसाएवढी. कुणाला दिसली नाही. मी ओरडले असेन, पण दगडाचं ओरडणं कुणाला ऐकू जातं? त्यांनी माझ्यात माती भरली, जांभळी फुलं लावली, झारीनं पाणी घातलं. ते खालून निघून गेलं. "बघा, परफेक्ट!" प्रणय म्हणाला.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी आबा बहिणीकडून थेट इथं राहायला आले. सोमनाथनं त्यांना हाताला धरून मागच्या दारी आणलं. "बघा आबा, कोण आलंय आधीच!"

आबांनी मला बघितलं. त्यांचा चेहरा असा फुलला की मला क्षणभर वाटलं, सगळं ठीक होईल. जवळ येऊन त्यांनी काठावर हात ठेवला आणि मग फुलांकडं बघितलं.

"फुलं लावलीत व्हय. लई गोड दिसतेत."

"आवडलं ना?"

"व्हय रे. आवडलं."

त्या दिवसाचा घास बहिणीकडं झाला होता, तेव्हा डोण भरल्याचं धोंडिबानं फोनवर सांगितलं होतं. ते खोटं होतं हे आबांना आता कळलं.

सकाळी उजाडताच ते बादली घेऊन आले. एकेक रोप मुळासकट, पोराला झोपेतून उचलावं तसं उचललं आणि डेकच्या कडेला गोट्यांमध्ये लावलं. माझ्यातली माती हातानं काढली, पुसली. मग पाणी ओतलं. पाणी सरळ खाली गेलं. त्यांनी आणखी ओतलं, तेही गेलं. तेव्हा खाली बसून त्यांनी बोटानं माझा तळ चाचपला. बोट भोकात शिरलं.

कितीतरी वेळ त्यांनी ते बोट तिथंच ठेवलं. मग घराच्या दाराकडं बघितलं. आत सोमनाथ गाणं गुणगुणत दाढी करत होता.

"आबा, पोहे झालेत," प्रेरणानं हाक मारली.

"भूक न्हाय बाई. चहा दे."

सोमनाथ बाहेर आला. "अरे, फुलं का काढली?"

"डोणीत गुदमरल्यावानी वाटत व्हती."

"नाही हो आबा, भोक पाडलंय की तळाला. प्रणयनं मशीन लावून पाडलं, किती सफाईदार आहे बघा."

"व्हय," आबा म्हणाले. "सफाईदार हाय."

दुपारी प्रेरणानं ज्वारीची भाकरी केली, पिठलं केलं, ठेचा केला. ताट तसंच परत आलं. आबांनी भोकात चिंधी कोंबली, ओली माती थापली आणि पुन्हा पाणी ओतलं. या वेळी पाणी हळूहळू चढलं. मी सगळा जोर लावून ते धरायला बघत होते. पण चिरेतून ते झिरपत होतं. निम्म्यावर आलं आणि तिथंच थांबलं. आबा ओतत होते तेवढं चिरेतून जात होतं. शेवटी बादली खाली ठेवून ते पायरीवर बसले.

प्रेरणा टाकी बघून आली होती. "आबा, अहो किती पाणी ओतलंत! नळाला रोज पाणी येत नाही इथं. गाव नाही हे."

"चुकलं माझं," आबा म्हणाले.

संध्याकाळी तिनं एक मोठा प्लास्टिकचा टब आणून ठेवला. "पाखरांसाठीच ना? यात भरा. गळणार नाही."

आबांनी तो भरला. पाखरं आलीसुद्धा. ते बघत बसले. पण जेवले नाहीत. म्हणाले, "पोटात जड वाटतंय."

आत प्रेरणा नवऱ्याला म्हणत होती, "माझ्या हातचं नको असेल त्यांना. आईंची भाकरी आठवत असेल. मी काय करू, सांगा ना." सोमनाथ म्हणाला, "अगं, नवीन जागा आहे. होईल सवय." मी दोघांचं ऐकत होते. सगळं मला माहीत होतं आणि मला तोंड नव्हतं. एवढं मोठं उघडं पोट, पण तोंड नाही.

दुसरा दिवसही तसाच गेला. चहावर. दुपारचं ताटही तसंच परत आलं. प्रेरणा शिकवणीची मुलं लवकर घरी पाठवून त्यांच्याजवळ डेकवर येऊन बसली.

"आबा, आज मला खरं सांगा. माझं काय चुकलं?"

"तुझं कशाला चुकंल, पोरी?"

"मग ताट का परत पाठवता? रक्तदाबाची गोळी उपाशीपोटी घेता येत नाही. तुम्हाला काही झालं तर लोक काय म्हणतील मला? लोकांचं जाऊ द्या. मला काय वाटेल?"

आबा माझ्या काठाकडं बघत राहिले. त्यांना उत्तर द्यायचं नव्हतं. दिलं असतं तर ते सोमनाथच्या अंगावर गेलं असतं. पण पोरीचे डोळे भरले होते.

"ही भरली की जेवतो बघ," ते हळूच म्हणाले, हसल्यासारखं करून.

प्रेरणाही हसली. मग तिचं हसणं थांबलं. तिच्या लग्नात मांडवाच्या कडेला कानाला फोन लावून उभे असलेले सासरे तिला आठवले असतील. तिनं माझ्याकडं बघितलं, मग त्यांच्याकडं.

"आबा... रोज? आजपर्यंत रोज?"

आबांनी मान खाली घातली. चोरी पकडल्यासारखी.

तिनं सोमनाथला फोन लावला. "अहो, घरी या. आत्ता. काही झालं नाही, पण या."

तो आला. प्रेरणानं दारातच सगळं सांगितलं. अंगणात येऊन तो बूट न काढता माझ्याजवळ बसला. बोट घालून त्यानं भोक चाचपलं, चीरही चाचपली. त्याचा चेहरा बघवत नव्हता.

"आबा, मी फोडली."

"तू फुलं लावलीस रे," आबा म्हणाले. "फोडायला कुठं गेला व्हतास?"

"मला सांगायचं तरी!"

"सांगून भोक बुजलं असतं का? तू एवढ्या हौसेनं आणलीस. कसं सांगू?"

प्रेरणा आत गेली आणि परातीतला कणकेचा मोठा गोळा घेऊन आली. घरात पातेलं गळायला लागलं की बायका कणीक लावतात, तसा तिनं तो माझ्या भोकात दाबून बसवला. मग बाह्या वर करून चिरेवर दोन्ही तळहात आडवे दाबले. "ओता! अहो बघत काय बसलात, ओता!"

सोमनाथनं बादल्या भरभरून आणल्या. टाकीतलं सगळं पाणी. पाणी तिच्या मनगटापर्यंत आलं, कोपरापर्यंत आलं. तिच्या बांगड्या बुडाल्या. मग पाणी माझ्या काठाला टेकलं.

"भरली, आबा! घास घ्या, लवकर, माझे हात गारठले!"

आबा उठले. आधी माझ्या पाण्याला हात लावून डोळ्यांना लावला. मग सोमनाथनं धरलेल्या ताटातून भाकरीचा तुकडा मोडला. तो चावताना त्यांच्या गालाची हाडं वर-खाली होत होती. प्रेरणा हसत होती आणि रडतही होती. तिला नाक पुसता येत नव्हतं. सोमनाथनं आपल्या बाहीनं ते पुसलं. "अहो, शी!" ती म्हणाली.

त्याला आता बरेच महिने झाले.

भोक प्रणयनं बुजवून दिलं. त्याला फार वाईट वाटलं होतं. चिरेतही त्यानं काहीतरी औषध भरलं. ते काही दिवस टिकलं. पण ऊन वाढलं तशी चीर पुन्हा उघडली. दगडाची चीर वरून सांधते, आत चालतच राहते. हे मला कळतं, त्यांनाही कळलंय. सोमनाथ एकदा म्हणाला, "आबा, अशीच नवी डोण घडवून आणू का?" आबांनी मान हलवली. होकारार्थी की नकारार्थी, ते मलाही समजलं नाही.

आता रोज सकाळी सोमनाथ अर्ध्या बादलीत आंघोळ उरकतो. प्रेरणाही तसंच करते. वाचलेलं पाणी माझ्यासाठी असतं. आबा ताट घेऊन पायरीवर बसतात आणि सोमनाथ माझ्यात पाणी ओततो. काठाला टेकलं की पहिला घास. खरं तर नेम तेवढ्यावरच पुरा होतो. पण पाणी उतरताना दिसलं की आबांचा हात ताटात थांबतो. मग सोमनाथ आणखी ओततो. आबा हळू जेवणारे आहेत. त्याला कंपनीची बस गाठायची असते. तरी तो "लवकर करा" म्हणत नाही.

माझ्यातून गळणारं पाणी डेकच्या खाली जातं. त्या कोपऱ्यातल्या फळ्या फुगल्या आहेत आणि एक खांब खचलाय. पांढरे गोटे वाहून नालीकडं गेले. लिली कुजली. तिच्या जागी लव्हाळा उगवलाय, कुणी लावला नाही. आबांनी बाहेर लावलेली फुलं तर कधीच गेली. परवा प्रणय आला आणि डोक्याला हात लावून उभा राहिला. "सर, एवढं केलेलं सगळं गेलं. ही डोण इथून हलवा, नाहीतर पावसाळ्यात डेक बसेल."

"बसू दे," सोमनाथ म्हणाला. "आबा इथंच जेवतात."

मी ज्या घरात आले त्या घराला खाते आहे. मला थांबता येत नाही. पाणी धरायला घडवलेली मी, आणि माझ्याच पोटातून ते पळतं. पोर ओतत राहतं, सून बिनतक्रार पोछा मारते, म्हातारा घास चघळत माझ्या काठाकडं बघत राहतो. मी रोज चिरेला आवळून धरायचा प्रयत्न करते. दगडाला आवळता येत नाही.

चीर आता काठाच्या अगदी जवळ आली आहे. एक दिवस ती काठ ओलांडेल आणि मी दोन तुकडे होऊन या उरल्यासुरल्या गोट्यांत पडेन. माझं काही नाही, मी खदानीतूनच आलेली. पण त्या सकाळी आबा ताट घेऊन पायरीवर बसतील आणि सोमनाथच्या हातात भरलेली बादली असेल. ती ओतायला जागा नसेल.

तेव्हा तुमच्यापैकी कुणी आसपास असाल तर माझं एक काम करा. त्यांच्याजवळ बसा. सांगा, आबा, तुमच्या आईनं दगडाला पाणी पाजायला सांगितलं नव्हतं. तहानलेल्या जिवाला पाजायला सांगितलं होतं. ते तुम्ही जन्मभर केलं, त्यात कसर ठेवली नाही. ते मान हलवतील, पण ऐकलं की नाही ते तुम्हाला कळणार नाही. तरी तिथून उठू नका. सुनेला भाकरी गरम करायला सांगा आणि पहिला घास तुम्ही त्यांच्या हातात द्या.